नदी उजव्या हाताला

नर्मदेच्या परिक्रमेत मोबाइलमधल्या नकाशाचा काही उपयोग नाही. हंडियाच्या घाटावर उभं राहून त्याला नेमावरचा रस्ता विचारला, तर तो सरळ पूल दाखवतो. पलीकडे सिद्धनाथाचं शिखर दिसत असतं, पुलावरून बैलगाड्या आणि ट्रक निवांत जात असतात. परिक्रमावासीने मात्र तो पूल ओलांडायचा नाही. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही पार करायची नाही, असा नियम. उपनद्या चालतात, नर्मदा नाही. म्हणजे हंडियाहून नेमावरला जायचं, तर आधी पश्चिमेला समुद्र गाठायचा, तिथे काठ बदलायचा आणि मग उत्तरेच्या काठाने मागे यायचं. समोरच्या गावाला जायला हजारावर किलोमीटर. नकाशातली बाई दर चौकात ‘यू-टर्न घ्या’ सांगून दमते. तिला गप्प करायचं आणि चहाच्या टपरीवर विचारायचं. टपरीवाल्याला नियम ठाऊक असतो. तो पुलाकडे बोट दाखवतच नाही.

अमरकंटक ते खंबातचं आखात, १३१२ किलोमीटरची ही नदी. दोन्ही काठ धरले तर सव्वीसशेच्या वर. पायी चालणाऱ्यांची शास्त्राप्रमाणे मुदत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आता बहुतेक जण चातुर्मास संपला की निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बसने जाणारे दोन-तीन आठवड्यांत उरकतात. यांत आता मोटरसायकलवाल्यांची भर पडली आहे. इंदूर, नागपूर, नाशिक, पुणे अशा पाट्यांच्या गाड्या, मागे बांधलेला तंबू, हँडलला भगवी पताका आणि पुढच्या डब्यात बाटलीभर नर्मदेचं पाणी.

आम्ही दोघंही त्यांतलेच. नवऱ्याची बुलेट, माझी दीडशे सीसीची हलकी गाडी. हिमाचल-लडाखच्या सवयीने सामान भरलं होतं: दोन माणसांचा तंबू, मॅट, गॅसचा छोटा स्टोव्ह, नूडल्सची पाकिटं. लडाखात तंबू म्हणजे स्वातंत्र्य. वाटेल तिथे थांबा, कुणाची मिंधेगिरी नको. नर्मदेकाठी हा हिशेब पहिल्याच संध्याकाळी चुकायला लागतो. तुम्ही खुंटी ठोकायला घेता आणि कुणीतरी येऊन उभं राहतं. बहुधा खांद्यावर गमछा टाकलेला मध्यमवयीन माणूस. “नर्मदे हर! कितनी मूर्ति?”

किती माणसं, असं तो विचारत असतो. आपण ‘दो’ म्हटलं की पुढचं सगळं त्याच्या हातात जातं. “आसन यहाँ नहीं, अंदर लगाओ. चाय पियोगे? भोजन की बोलो.” तंबू परत पिशवीत. नवरा पहिल्यांदा पुटपुटला होता, “इतका महागाचा तंबू आणला तो काय गाडीला ऊन लागू नये म्हणून?”

काठावर तंबू टाकू न देण्यामागे नुसता पाहुणचार नसतो. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी धरणांची माळ या नदीवर आहे. रात्री कोरडं असलेलं पात्र पहाटे भरलेलं असू शकतं. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावास्येच्या जत्रेत लोक पात्रातच झोपले होते. वरच्या धरणातून पाणी आलं आणि कितीतरी माणसं वाहून गेली. निमाडातल्या कुठल्याही केवटाला, म्हणजे नावाड्याला, आजही हे सांगावं लागत नाही. तोच आपल्याला सांगतो, आणि रेतीवर तंबू दिसला तर हाताला धरून वर आणतो.

परिक्रमेतल्या पाहुणचाराची एक पक्की घडी आहे. दर काही मैलांवर आश्रम, धर्मशाळा, देवळाची पडवी, नाही तर एखाद्या शेतकऱ्याने रस्त्याच्या कडेला उभारलेली पत्र्याची शेड. सकाळी बालभोग म्हणजे चहा आणि पोहे किंवा मुरमुरे. दुपारी-संध्याकाळी भोजनप्रसादी. स्वतः शिजवून खाणाऱ्यांना सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची. पायी चालणाऱ्याने पैसे जवळ बाळगू नयेत, मिळेल ते घ्यावं, न मिळालं तर उपाशी झोपावं, ही मूळ अपेक्षा. त्यामुळे काठावरच्या माणसांनी ही व्यवस्था उभी केली. गो. नी. दांडेकरांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली तेव्हाही ती होती. जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हर हर’ घराघरांत पोचल्यावर मराठी माणसांची रीघ लागली आणि तिच्यावरचा भार वाढला. काठावर कुणालाही विचारा, सगळ्यांत जास्त परिक्रमावासी कुठले? उत्तर येतं, “महाराष्ट्र के.” त्यात कौतुक किती आणि उसासा किती, ते बोलणाऱ्यावर अवलंबून.

ही घडी पायांसाठी बसवलेली आहे. मग पेट्रोल जाळत येणाऱ्याचा तिच्यावर हक्क किती?

ओंकारेश्वरहून दक्षिण काठाने पश्चिमेला निघाल्यावर एका आश्रमात सेवादाराने आमच्यापुढे वही ठेवली. नाव, गाव, वय, आधार क्रमांक आणि शेवटचा रकाना ‘साधन’. त्या पानावर वरून खालपर्यंत ‘पैदल, पैदल, पैदल’. आमच्या ओळीत त्याने स्वतःच्या हाताने ‘मो.सा.’ लिहिलं. त्याला विचारलं, असं वेगळं का लिहिता? तो मूळचा हरद्याकडचा, रेल्वेतून निवृत्त होऊन इथे येऊन राहिलेला. म्हणाला, “हिसाब के लिए. पैदलवाले को पहले परोसते हैं, गाडीवाले को बाद में. भूखा कोई नहीं जाएगा, पर क्रम तो क्रम है.” मग जरा थांबून, “और पैदलवाला थका हुआ आता है. आप लोग भूखे आते हो.”

पंगतीत त्याने खरोखरच तसंच केलं. आधी पाय सुजलेल्या दोन विदर्भी बाया, मग एक साधू, मग आम्ही. मला हा क्रम आवडला. त्यात अपमान नव्हता आणि उगाच सगळे सारखे असल्याचा आवही नव्हता.

पुढे इंदूरच्या तीन तरुणांशी गाठ पडली. त्यांच्या गाड्या आमच्यापेक्षा भारी, अंगात सगळी आयुधं. त्यांचं मत स्पष्ट होतं: आश्रमात राहायचंच नाही. हॉटेल, ढाबा, नाही तर तंबू. “जो आदमी चल नहीं रहा, वो माँगे क्यों?” बोलणं बरोबर वाटतं. पण त्याच दिवशी दुपारी एका गावात त्यांच्यातल्या एकाच्या चाकात खिळा गेला. गावकऱ्यांनी पंक्चर काढून दिलं, ताक पाजलं आणि पैसे घेतले नाहीत. मागायचं नाही हे तुम्ही ठरवू शकता. कुणी द्यायचं नाही हे तुम्ही कसं ठरवणार?

निमाडात याचं एक चोख उत्तर एका साधूने देऊन ठेवलं होतं. खरगोन जिल्ह्यात, नदीच्या काठी, तेली भट्याण नावाचं गाव आहे. तिथल्या सियाराम बाबांकडे येणारा प्रत्येक परिक्रमावासी चहा पिऊन जाई, शिधा घेऊन जाई. बाबा लंगोटीवर राहत, थंडी-उन्हाळ्यात तसेच. देणगी घ्यायचे ती फक्त दहा रुपये. कुणी शंभराची किंवा पाचशेची नोट पुढे केली, तर दहा ठेवून बाकीचे परत. ११ डिसेंबर २०२४ ला, मोक्षदा एकादशीच्या दिवशी ते गेले. त्या परिसरात अजून त्यांच्या दहा रुपयांचं बोलणं निघतं. मोठी गाडी घेऊन येणाऱ्यालाही आणि अनवाणी येणाऱ्यालाही एकच भाव, त्यामुळे कुणी जास्त देऊन मोठा होऊ शकला नाही. मला वाटतं, गाडीवाल्यांचा सगळ्यांत मोठा रोग हाच आहे. पाहुणचाराचं ओझं उतरवायला आपण नोटा काढतो, आणि यजमान एका क्षणात दुकानदार होतो.

याच पट्ट्यात रावेरखेडी. थोरल्या बाजीरावाची समाधी. २८ एप्रिल १७४० ला ऐन मोहिमेत तो इथे नदीकाठी गेला. मराठी परिक्रमावासी इथे थांबल्याशिवाय राहत नाहीत, आणि त्यामुळे गावातल्या पोरांना ‘पुण्याचे का?’ एवढं मराठी येतंच. अशाच एक मराठी परिक्रमावासी म्हणजे नाशिकच्या भारती ठाकूर. २००५-०६ मध्ये त्या पायी परिक्रमेला आल्या, इथल्या मुलांचं शिक्षण पाहून अस्वस्थ झाल्या आणि पुढे लेपा पुनर्वसन इथे येऊन राहिल्या, शाळा काढली. काठाने खाऊ घातलं त्याची परतफेड एवढ्या थेट रीतीने केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

बडवानीपासून खरी गंमत सुरू होते. पायी लोक इथून डोंगरात शिरतात, शूलपाणीच्या झाडीत. गाडीला तिथे वाट नाही. गाडीवाले खेतियावरून महाराष्ट्रात येतात, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा करत सपाटीने गुजरातेत उतरतात. आम्ही तळोद्याकडून चांदसैलीचा घाट चढून धडगावला गेलो. नदीपासून शक्य तेवढं जवळ राहायचं होतं, आणि आपल्याच राज्यातल्या नर्मदेचा काठ बघायचा होता. महाराष्ट्राच्या वाट्याला ही नदी जेमतेम ५४ किलोमीटर आली आहे, तीही फक्त सरहद्द म्हणून. नंदुरबारच्या पलीकडे ती फारशी कुणाच्या ध्यानात नसते.

धडगाव–मोलगीच्या बाजूला गाव म्हणजे घरांचा पुंजका नव्हे. एकेक घर एकेका टेकाडावर, आपापल्या शेतात. आम्ही संध्याकाळी एका उतारावर जागा धरली, आणि या वेळी तंबू खरंच उभा राहिला. पंधरा मिनिटांनी वरच्या घरातून एक पावरा गडी खाली आला, मागोमाग त्याची बायको, दोन पोरं आणि एक कुत्रं. “इथं नका. बिबट्या फिरतो. वर या.” तंबू घडी न करता तसाच उचलला, चौघांनी चार कोपरे धरले आणि वरात टेकाडावर गेली. अंगणात नेऊन ठेवला. “आता झोपा तुमच्या घरात,” तो म्हणाला.

घर मोठं, बांबूच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं, वर कौलं. अर्ध्या भागात गुरं, अर्ध्यात माणसं. मला आत बोलावलं, नवरा बाहेर बाजेवर. बाई असण्याचा या प्रवासातला मोठा फायदा हाच की मी थेट चुलीपर्यंत पोचत होते. नवऱ्याला मिळत होतं ते जेवण, मला ते कसं बनतं हे दिसत होतं. घरची बाई ज्वारीचं पीठ लाकडी परातीत मळत होती. भाकरी थापायला पोळपाट नाही, दोन्ही तळहातांमध्ये फिरवत फिरवत ती मोठी करायची आणि मातीच्या तव्यावर सोडायची. बोटांमधल्या चांदीच्या अंगठ्या भाकरीच्या कडेला उमटत. उडदाची जाड डाळ, त्यात आंबटपणाला आमचूर. धडगावच्या डोंगरात आंबा मुबलक, उन्हाळ्यात घरोघरी त्याच्या फोडी वाळत पडतात आणि व्यापारी त्या गोळा करून नेतात. ही डाळ खाल्ल्यापासून बाजारातली आमचूर पावडर मला मिळमिळीत लागते.

ती माझ्याशी पावरीत बोलत होती, मी मराठीत. अडचण फारशी आली नाही. तिला एकच गोष्ट पटत नव्हती, की बाहेरच्या दोन गाड्यांपैकी एक माझी आहे. शेवटी तिने मोठ्या मुलीला पाठवलं. मुलीने परत येऊन सांगितलं की एका गाडीची सीट बुटकी आहे. मग पटलं.

जेवणानंतर शेकोटीपाशी घरधनी बोलता झाला. परिक्रमेच्या जुन्या हकिकतींत या झाडीचं नाव आलं की लुटीची गोष्ट येतेच. भिल्ल परिक्रमावासींना अडवत, घोंगडी, भांडी, कपडे, सगळं काढून घेत, लंगोटीवर सोडून देत. श्रद्धाळू लोक त्यालाही मैयाची परीक्षा म्हणत. मी आडून आडून विचारलं, तर तो मोकळेपणाने हसला. “आमचा आजा घ्यायचा ना कपडे काढून. त्याला पण थंडी वाजायची.” मग काडीने निखारा सारत म्हणाला, “मी चहा पाजतो.”

त्याच्या जमिनीचा खालचा तुकडा पाण्याखाली गेला आहे. सरदार सरोवराच्या भिंतीची पूर्ण उंची १३८.६८ मीटर. २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडीतात आली. त्याच्या चुलत्यांचं घर तळोद्याकडच्या वसाहतीत हललं. तिथे रस्ता आहे, वीज आहे, डोंगर नाही. पायी परिक्रमेची वाटही पाण्यामुळे वर सरकली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ जलाशयात गेलं, नवं गोऱ्याला बांधलं. ज्या लोकांची नदी काढून घेतली, त्यांच्याच अंगणात नदीच्या नावाने भाकरी खाताना घास जरा अडखळतो. घरधन्याला हे बोलून दाखवलं असतं, तर त्याने बहुधा आणखी डाळ वाढली असती. मी बोलले नाही.

या भागात एक गोष्ट मात्र खटकली. रस्त्याकडेला पोरांचे घोळके उभे असतात. गाडीचा आवाज आला की ‘नर्मदे हर!’ आणि लगेच हात पुढे. टॉफी, बिस्किट. आम्हां यात्रेकरूंनीच ही सवय लावली. पुण्य मिळवायचा स्वस्त मार्ग म्हणून गोळ्यांची पाकिटं भरून आणायची आणि चालत्या गाडीतून वाटायची. एका शाळेतले गुरुजी वैतागून म्हणाले, “हंगामात हजेरी बघा माझी. तुमचा प्रसाद खायला पोरं रस्त्यावर.” द्यायचंच असेल तर वह्या-पेन शाळेत नेऊन द्या, मास्तरांच्या हातात. तिथे कुणी ‘नर्मदे हर’ म्हणत मागे धावणार नाही, एवढं सहन करायची तयारी हवी.

गुजरातेत पाहुणचाराला छप्पर, पंखा आणि फरशी मिळते. मोठे आश्रम, मोठी अन्नक्षेत्रं, वेळेवर घंटा, खिचडी-कढी, रोटला, ताकाच्या बादल्या. सगळं नीट आणि थोडं बिनचेहऱ्याचं. पायी लोक विमलेश्वरला भरतीची वाट बघत बसतात आणि नावेतून आखात पार करून मिठी तलाईला उतरतात. मोटरसायकल नावेत चढत नाही, तिला भरूचच्या पुलावरून जावं लागतं. शेजारी १८८१ चा लोखंडी गोल्डन ब्रिज म्हाताऱ्या हत्तीसारखा उभा असतो. असं पुलावरून पार होणं नियमात बसतं का, यावर जाणकारांत वाद आहेत. आम्ही त्यात पडलो नाही.

उत्तर काठावर वळलं की एकामागून एक मराठी खुणा लागतात. नारेश्वरला रंग अवधूत महाराजांचं स्थान, त्यांचं घराणं मूळचं कोकणातलं. पुढे गरुडेश्वर, त्यांचे गुरू वासुदेवानंद सरस्वती तथा टेंबे स्वामी यांची समाधी. स्वामी सिंधुदुर्गातल्या माणगावचे. आयुष्यभर पायी फिरले आणि १९१४ मध्ये इथे देह ठेवला. गरुडेश्वरच्या पंगतीत शेजारच्या आजी सावंतवाडीच्या निघाल्या. बसवाल्या. आमच्या गाड्यांकडे बघून म्हणाल्या, “पाठ दुखत नाय गो?” दुखत होती.

महेश्वरला अहिल्याबाईंचा घाट, तिथे सगळेच थांबतात, त्यावर सगळ्यांनीच लिहिलं आहे. मी पुढे सरकते.

पूर्वेला जबलपूर ओलांडलं, मंडला-दिंडोरीचा मुलूख आला, की रस्ता रिकामा होतो आणि थंडी वाढते. अमरकंटक हजार मीटरच्या वर, पौषात तिथे गवतावर दहिवर गोठतं. हातमोजे घालूनही बोटं क्लचवर वाकत नाहीत. हा गोंडांचा भाग. आश्रम कमी, घरं गरीब, आणि मोटरसायकलवाल्यांना खरी लाज वाटावी असा पाहुणचार इथलाच.

दिंडोरी जिल्ह्यात एका पाड्यावर माझ्या गाडीची क्लच केबल तुटली. नवरा केबल आणायला मोठ्या गावाकडे गेला, मी एका घराच्या ओट्यावर बसले. घरात एक म्हातारी आणि तिची सून. सुनेने चुलीवर भगुलं ठेवलं, पाणी ओतलं, मग मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलगा मागच्या दाराने पळाला. थोड्या वेळाने आला तेव्हा त्याच्या मुठीत वर्तमानपत्राची पुडी होती, चिमटीएवढी साखर आणि थोडी चहापूड. सुनेने माझ्याकडे पाठ करून ती सोडली. माझ्या लक्षात आलं हे तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले.

चहा झाल्यावर कोदोचा भात आला, सोबत टोमॅटोची चटणी. घरची माणसं स्वतः पेज पीत होती. म्हातारी माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी चटकन उठून बाजूला झाले. तिला ते आवडलं नाही. सून समजुतीच्या सुरात म्हणाली, “आपको नहीं, मैया को पड़ रही हैं. खड़े रहो.” उभी राहिले.

पैसे पुढे करायची हिंमत झाली नाही. मी दोघींचे फोटो काढले होते. ते छापून पोस्टाने पाठवले, गावातल्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर. जाणत्या मोटरसायकलवाल्यांकडून शिकलेली ही रीत आहे आणि नोटेपेक्षा ती बरी. दुसरी रीत म्हणजे पुढच्या आश्रमात मागच्या घराच्या नावाने शिधा टाकायचा. मागच्या घराने तुम्हांला दिलं, तुम्ही पुढच्या चालणाऱ्याला द्या. सदाव्रताची पोती अशीच भरतात: सुगीनंतर शेतकरी धान्य पाठवतो, मंडीतला अडत्या डाळ पाठवतो, पुण्या-नाशिकची मंडळी एकत्र येऊन वर्षाचं तेल उचलतात. गाडीवाल्याने सदाव्रत घेऊ नये, पोत्यात भर टाकावी, असं माझं ठाम मत झालं आहे. चहा आणि झोपायला जागा मात्र नाकारू नये. नाकारलं तर समोरच्याला वाटतं, आपलं घर यांना चाललं नाही.

सुटीसुटीने, आपल्या चालीने जाणाऱ्यांनाही काठाने कधी परकं मानलेलं नाही. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड १९७७ पासून तुकड्या-तुकड्यांनी चालले, कधी बायकोला, कधी विद्यार्थ्यांना घेऊन. त्यांच्या चित्रांमध्ये घाटावरची गर्दी, केवट, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया फार दिसतात. इकडच्या पाहुणचाराची चव कळायला ती चित्रं बघावीत.

अमरकंटकला वळसा घातला, पुन्हा दक्षिण काठ. नरसिंहपूर जिल्हा म्हणजे तुरीचा आणि उसाचा सुपीक काळा पट्टा, आणि इथला पाहुणचारही मातीसारखाच सढळ. बरमानजवळ संध्याकाळी घाटावर पुरुषांचा एक घोळका गोवऱ्यांचा ढीग पेटवून बसला होता. गक्कड-भरता. कणकेचे जाड गोळे सरळ निखाऱ्यात पुरायचे, सोबत वांगी, टोमॅटो, लसूण. वरची राख फडक्याने झटकायची, गोळा मुठीने फोडून तुपात बुडवायचा. हा बायकांचा स्वयंपाक नव्हेच, असं त्यांतल्या एकाने मला मिशीवर ताव देत सांगितलं. मी म्हटलं, मग वाढा. त्यांनी इतकं वाढलं की रात्री गाडी चालवायचा प्रश्न उरला नाही. तंबू घाटाच्या वर, पिंपळाच्या पारावर टाकला. त्यांच्यातला एक शिक्षक मध्यरात्रीपर्यंत सांगत बसला, की पूर्वी त्याच्या वडिलांकडे हंगामात चार-सहा परिक्रमावासी येत, आता एका रात्रीत चाळीस येतात. “पिताजी सबके पैर धोते थे. मैं नल दिखा देता हूँ.” बोलण्यात खंत नव्हती. त्याच्या घराबाहेर नळाच्या ओळी होत्या, स्वच्छ संडास होते, बायकांसाठी वेगळा आडोसा होता. चाळीस माणसांचे पाय धुण्यापेक्षा त्या आडोशाचे उपकार मला जास्त वाटले.

ओंकारेश्वरला परत पोचल्यावर कढाई करायची असते. शिरा करायचा, मैयाला नैवेद्य, कुमारिकांना जेवू घालायचं, मग बाटलीतलं पाणी महादेवाला वाहायचं. घाटामागच्या गल्लीत एक बाई वर्षानुवर्षं परिक्रमावासींच्या कढाया करून देते. तिच्या अंगणात त्या सकाळी दोन कढाया होत्या, एक पायी आलेल्या चार जणांची, एक आमची. पायीवाल्यांनी आणलेलं तूप तिने वाटीने मोजून घातलं. आमचा डबा उघडून आत पाहिलं आणि सगळाच्या सगळा ओतला.

“गाडीवालों की कढाई में घी ज़्यादा होता है,” झारा फिरवत ती म्हणाली. पाटावर बसलेल्या नऊ पोरींना हे आधीपासून माहीत असावं. त्यांनी पायीवाल्यांचा शिरा प्रसादापुरता घेतला आणि आमच्या कढईकडे तोंड करून बसल्या.